एकाच जाळाचे दोन हिशेब

फुप्फुसांची ताकद मोजायला एक यंत्र असते, स्पायरोमीटर. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने फुंकायचे, एवढेच काम. तालुक्याच्या गावी भरलेल्या एका तपासणी शिबिरात मी ते पाहत बसले होते. साठीच्या आसपासची एक बाई समोर आली. यंत्रावरची मुलगी म्हणाली, "मावशी, चूल पेटवताना फुंकता ना, तसं फुंका." मावशींनी नळी धरली तीही फुंकणीसारखीच, मान जराशी वाकडी करून, जणू समोरून धूर येणार आहे. फुंकल्या. पडद्यावरची रेघ थोडी चढली आणि लगेच बसली. "परत फुंका मावशी." तीनदा फुंकून झाले, तिन्ही वेळा रेघ तिथेच बसली. विडी ओढता का? नाही. घरात कोणी ओढतं का? नाही. "आमचं काय बाई, चुलीचा खोकला. सगळ्याच बायांना असतो."

हा शब्द मला नवा नव्हता. माझ्या आजीलाही चुलीचा खोकला होता. पहाटे अंथरुणात असतानाच तिच्या खोकल्यावरून चूल पेटल्याचे कळायचे. तो आजार आहे असे घरात कोणाच्या मनातही आले नाही. गुडघे दुखतात, केस पिकतात, तसा बाईमाणसाला खोकला येतो, इतकेच.

या खोकल्याला वैद्यकाने नीट नाव द्यायला बराच उशीर केला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला किर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने गुजरातमधल्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी छोटी यंत्रे लावली. चुलीपुढे बसलेली बाई कारखान्यांच्या शहरातल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त धूर ओढते, हे त्यातून दिसले. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले तेव्हा हिशेब जगाचा होता. धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड, शेण आणि काडीकचऱ्याच्या धुरात राहणारे सुमारे तीनशे कोटी. श्वासनलिका कायमच्या आकसणारा जो आजार डॉक्टर सीओपीडी म्हणून ओळखतात, तो विडी न ओढणाऱ्यांनाही मोठ्या प्रमाणावर होतो, हे त्यांनी ठासून सांगितले. त्या मावशींची बसलेली रेघ ही त्याचीच.

हवामान धोरण, हवेचा दर्जा आणि सार्वजनिक आरोग्य यांवरच्या पुस्तकाची प्रस्तावना चुलीपासून का सुरू करायची? कारण हवामान धोरण म्हटले की आपल्यासमोर परिषदा येतात, कार्बनचे टन येतात, लांबची साले येतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचा शब्द दिला. आज ज्या आईच्या मांडीवर पाच वर्षांचे पोर वाफेचा मुखवटा लावून बसले आहे, तिला २०७० चे काय सांगायचे? तेव्हा ते पोर पन्नाशीला आलेले असेल. ही भाषा तिच्या घरापर्यंत पोचत नाही आणि त्यात तिची चूक नाही. धोरण लिहिणाऱ्यांनी कार्बनचे हिशेबच समोर ठेवले आणि श्वासाचे तळटीपेत टाकले.

खरे तर जाळ एकच असतो. कोळसा, डिझेल, लाकूड, काहीही जाळा, त्यातून दोन प्रकारचा ऐवज बाहेर पडतो. एक कार्बन डायऑक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तो जगभर मिसळतो आणि त्यातला बराचसा शतकानुशतके हवेत राहतो. दुसरा ऐवज म्हणजे काजळी, गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, राखेचे कण. यांचे आयुष्य काही दिवसांचे, फार तर काही आठवड्यांचे. ते जिथे निघतात तिथून जवळच्या माणसांच्या छातीत जातात. यातले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो, ते केसाच्या जाडीपेक्षा वीस-तीस पटींनी लहान असतात. नाकातले केस, घशातला कफ, काहीच त्यांना अडवत नाही. फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत ते जातात, त्यातले अगदी सूक्ष्म रक्तातही उतरतात. म्हणून हवेच्या प्रदूषणाने मरणारी माणसे केवळ दम्याने मरत नाहीत. त्यात हृदयविकाराचा झटका असतो, पक्षाघात असतो, बाळांचा न्यूमोनिया असतो.

भारतात २०१९ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे १६.७ लाख मृत्यू झाले, असा अंदाज 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी हे जवळपास १८ टक्के. मात्र त्यातल्या एकाच्याही दाखल्यावर 'हवा' असे कारण लिहिलेले तुम्हाला सापडणार नाही. लंडनमध्ये नऊ वर्षांची एक मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. तिच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद झाली. ब्रिटनमध्ये तशी ती पहिलीच. आपल्याकडे मरण आकडेवारीत दिसते, घरात मात्र ते नशिबाच्या खात्यावर पडते.

जाळ थांबवला तर आराम किती दिवसांत पडतो, याचे मला माहीत असलेले सगळ्यात बोलके उदाहरण अमेरिकेच्या युटा राज्यातले आहे. डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात पोलादाचा मोठा कारखाना होता. मालक आणि कामगारांचा वाद होऊन ऑगस्ट १९८६ मध्ये तो बंद पडला आणि सप्टेंबर १९८७ मध्ये पुन्हा सुरू झाला. मध्ये एक हिवाळा कारखान्याविना गेला. आर्डेन पोप नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने खोऱ्यातल्या रुग्णालयांच्या नोंदी काढून बसून मोजल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वासाच्या आजाराने भरती झालेली मुले ही बंद असलेल्या हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होती. माणसे तीच, डोंगर तेच, थंडी तीच. फक्त धुराडे बंद होते. कार्बनच्या हिशेबात त्या तेरा महिन्यांनी पृथ्वीचे काहीच बदलले नसेल. त्या खोऱ्यातल्या आयांच्या रात्री मात्र बदलल्या.

म्हणजे हवामानासाठी जे करायचे त्याचा लाभ नातवंडांनाच मिळेल असे नाही. तो याच मोसमात, याच गल्लीत मिळू शकतो. हा मुद्दा मला इतका मोलाचा वाटतो की त्यासाठीच ही प्रस्तावना लिहायला मी तयार झाले. पण 'मिळतो' न म्हणता 'मिळू शकतो' असे मी जाणूनबुजून लिहिले आहे. कार्बन कमी केला की हवा आपोआप सुधारते, हे गृहीत धरणे महागात पडते.

युरोपने ती किंमत मोजली आहे. डिझेलची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा दर किलोमीटरला कमी कार्बन सोडते, म्हणून हवामानाच्या नावाने डिझेलला उत्तेजन मिळाले. ब्रिटनने २००१ मध्ये मोटारींचा कर कार्बन उत्सर्जनाशी जोडला आणि डिझेल गाड्यांचा खप वाढत गेला. त्या गाड्यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि काजळी शहरांच्या गल्ल्यांत साचत राहिली. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा घोटाळा उघडकीला आला. चाचणीच्या वेळी गाडी स्वच्छ दिसावी आणि रस्त्यावर हवे तसे सोडावे, अशी सोय गाडीच्या संगणकात करून ठेवलेली होती. कार्बनचा एकच आकडा पाहायचा ठरवले की दुसरा आकडा कसा माजतो, त्याचा हा धडा.

आपल्याकडे याच्या उलटा प्रसंग स्वयंपाकघरात आहे. गॅसचा सिलिंडर हे जमिनीतून काढलेले इंधन, तर लाकूड म्हणे पुन्हा उगवते. कागदावर पाहिले तर हवामानाच्या दृष्टीने चूल बरी वाटेल. तसे मानणाऱ्याने एकदा पावसाळ्यात ओल्या सरपणावर भाकरी थापून पाहावी. चुलीतून निघणारी काजळी हवा तापवते, जंगलही पुरते पुन्हा उगवत नाही. आणि हे काहीही नसते, तरी बाईच्या फुप्फुसांनी पृथ्वीसाठी भार का सोसायचा, याचे उत्तर कोणाकडे नाही. गॅसजोडण्या देणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलियाला सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. देशाच्या इतिहासात इतक्या थोड्या काळात इतक्या स्वयंपाकघरांपर्यंत दुसरी कुठली योजना पोचली असेल असे मला वाटत नाही.

पण जोडणी मिळणे वेगळे आणि चूल विझणे वेगळे. उज्ज्वलाचे कुटुंब वर्षाला सरासरी चार-साडेचार सिलिंडर भरून घेते, म्हणजे स्वयंपाक अर्धा गॅसवर आणि अर्धा चुलीवर. विदर्भातल्या कितीतरी घरांत ओट्यावर शेगडी पुसून ठेवलेली असते, सिलिंडरवर विणलेले आच्छादन असते आणि मागच्या पडवीत तुराट्या नि पऱ्हाट्यांवर अंघोळीचे पाणी तापत असते. पाहुण्यांचा चहा गॅसवर, घरच्या भाकरी चुलीवर. तुराटी फुकट असते आणि सिलिंडरचे पैसे एकरकमी मोजावे लागतात, हे त्यामागचे साधे कारण. धूर निम्मा झाला म्हणून आजार निम्मा होत नाही, ही यातली दुःखाची गोष्ट. थोड्या धुरानेही बरेच नुकसान होऊन जाते, खरा फायदा धूर जवळपास संपल्यावरच दिसतो. भारतासह चार देशांत गरोदर बायांना मोफत गॅस पुरवून एक मोठी चाचणी झाली. तिचे निकाल २०२२ मध्ये आले. बायांच्या वाट्याचा धूर बराच घटला, पण बाळांच्या जन्मवजनात म्हणावा तसा फरक पडला नाही. असे निकाल लपवू नयेत. एका स्वयंपाकघरात गॅस आला तरी शेजारच्या दहा घरांचा धूर खिडकीतून आत येतोच, हेही त्याबरोबर लक्षात ठेवावे.

आता धुराड्याकडे वळू. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण दोन हिशेबांची खरी झटापट इथे दिसते.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी नवे निकष काढले. राख, गंधक, नायट्रोजन आणि पाऱ्यावर मर्यादा आल्या. दोन वर्षांची मुदत होती. गंधक काढण्यासाठी धुराड्यात जाणाऱ्या वायूला चुनखडीच्या किंवा समुद्राच्या पाण्याने अंघोळ घालावी लागते. त्या संयंत्राला या व्यवसायातली माणसे एफजीडी म्हणतात. दोन वर्षांची मुदत वाढत वाढत दशकभर लांबली. शेवटी जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के संचांना एफजीडीतून सूट मिळाली. कारणे दिली गेली ती अशी : भारतीय कोळशात गंधक कमी असते, हवेतले गंधकाचे प्रमाण मर्यादेत आहे, खर्च मोठा आहे. आणि या संयंत्रांना लागणारी वीज, चुनखडीचे खाणकाम आणि वाहतूक यांमुळे कार्बन उत्सर्जन वाढेल. त्याच चर्चेत असेही आले की गंधकापासून बनणारे सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परत फेकतात, म्हणजे पृथ्वीला थोडा गारवाच देतात.

शेवटच्या दोन मुद्द्यांत शास्त्र खोटे नाही. सल्फेटचा गारवा खरा आहे आणि एफजीडीला वीज लागते हेही खरे. पण हवामानाचे कारण पुढे करून लोकांच्या छातीत गंधक राहू द्यायचे, हा न्याय मला मान्य होत नाही. शिवाय 'प्रमाण मर्यादेत आहे' या म्हणण्यात एक मेख आहे. धुराड्यातून निघालेला गंधकाचा वायू हवेत फार काळ वायू राहत नाही. वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाता जाता त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात. मग वायू मोजणारे यंत्र म्हणते, सगळे ठीक. तो कण तोवर पीएम २.५ च्या खात्यात जमा झालेला असतो, दुसऱ्याच जिल्ह्यात, जिथे धुराडे दिसतही नाही.

एफजीडी बसवणे अशक्य होते का? डहाणूकडे पाहा. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाला. चिकूच्या वाड्या, वारल्यांचे पाडे आणि कोळ्यांच्या होड्या यांच्यामध्येच मुंबईच्या उपनगरांना वीज देणारे ५०० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र उभे राहिले. लोक कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. प्राधिकरणाने एफजीडीचा आग्रह धरला तो सोडला नाही. कंपनीशी वर्षानुवर्षे ओढाताण चालली आणि २००७ मध्ये संयंत्र सुरू झाले. देशाचे निकष यायच्या आठ वर्षे आधी! धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. शेवटपर्यंत ते त्या प्राधिकरणाचे काम पाहत होते. डहाणूत जमले त्यात तंत्रज्ञानाचा वाटा थोडा होता. वाडीवाल्यांना, कोळ्यांना, आदिवासींना जाऊन बसायला आणि तक्रार सांगायला एक खोली होती, आणि त्या खोलीतला माणूस ऐकून घेत होता, हा वाटा मोठा.

चंद्रपूरला अशी खोली मिळाली नाही. तिथले महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे, भोवती कोळशाच्या खाणी, जवळ सिमेंटचे कारखाने. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक परिसरांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर चौथे आले. त्या केंद्राची वीज पुण्यात, मुंबईत, नाशकात दिवे लावते आणि आता गाड्याही चालवते. १ जून २०२२ रोजी एसटीची पहिली विजेवरची 'शिवाई' पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. १९४८ साली याच तारखेला, याच दोन गावांमध्ये एसटीची पहिली गाडी धावली होती. मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला. पुण्याच्या फलाटावर डिझेलचा भपकारा न येणारी गाडी उभी आहे, हे हमालासाठी, चहावाल्यासाठी, कंडक्टरसाठी केवढे तरी आहे. पण ती गाडी रात्री ज्या विजेवर भरते तिच्यात बराच भाग अजून कोळशाचा असतो. पुण्याचा धूर कमी झाला आणि त्यातला काही चंद्रपूरसारख्या गावांच्या खात्यावर गेला. देशातल्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी आता कोळशा-तेलाविना आहे. प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या विजेत मात्र कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. विजेची गाडी आणावी की नाही, असा प्रश्नच नाही, आणावीच. तिच्यामागची वीज कुठल्या गावाने श्वास देऊन बनवली, हे तिच्या हिशेबात लिहावे, एवढेच मागणे.

शहरांचा कारभार आणखी गुंतागुंतीचा. मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा काढला, २०५० पर्यंत निव्वळ शून्याचे उद्दिष्ट ठेवले आणि त्यात हवेच्या दर्जाला स्वतंत्र प्रकरण दिले. हे फार चांगले झाले. जानेवारी २०१९ पासून केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमही चालू आहे. पण त्याचा मोठा खर्च रस्त्यावरची धूळ झाडण्यात गेला, कारण प्रगती मोजली जाते ती जाड कणांवर. जाड धूळ झाडता येते. जळण्यातून येणारे बारीक कण झाडूला सापडत नाहीत. ते विझवावेच लागतात.

विझवायचे म्हणजे कोणाचे, हे मुंबईच्या पावाने दाखवून दिले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूरभट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितले. जुन्या बेकरीच्या भट्टीत जे जळते ते बहुधा जंगलातले लाकूड नसते. मोडलेली कपाटे, रंगवलेल्या दारांचे तुकडे, प्लायवूडच्या फळ्या, डिंक नि लॅमिनेटसकट. ते स्वस्त मिळते म्हणून लादीपाव स्वस्त राहतो. त्या धुराचा पहिला घास भट्टीपुढे बनियनवर उभा असलेला कारागीर घेतो आणि दुसरा वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडे. आदेश योग्यच होता. पण गॅसची जोडणी, नवी भट्टी, दुकानाची जागा, वाढलेले बिल हे सगळे बेकरीवाल्याने एकट्याने सोसायचे, की शहराने वाटून घ्यायचे? वडापाव खाणाऱ्या साऱ्या शहराचा श्वास सुधारणार असेल, तर त्या भट्टीचे पैसे साऱ्या शहराने उचलावेत असे माझे मत आहे.

कृषिपंपांच्या वाहिन्या सौर करण्याची राज्याची योजनाही याच रांगेत बसते. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. आकडेवारीत ती मेगावॉट आणि कार्बन म्हणून दिसते. बांधावर तिचा अर्थ दिवसा वीज असा होतो. म्हणजे रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जाणे नाही, पायाखाली साप नाही, उसात बिबट्या नाही. आरोग्याचा हा लाभ कुठल्याच हवामान अहवालात मी मोजलेला पाहिला नाही.

पुढची प्रकरणे वाचताना एक गोष्ट हाताशी ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपली २००९ पासूनची राष्ट्रीय मर्यादा ४० आहे. म्हणून एखादे शहर 'मर्यादेत' आहे असे वाचाल, तेव्हा कोणाची मर्यादा, हे आधी पाहा.

पुस्तक सुरू होते ते चंद्रपुरातून. तिथली बाई पहाटे गच्चीवर जाते, दोरीवरचा कपडा काढते, झटकते, उजेडाकडे धरून पाहते आणि पुन्हा झटकते. मग वाळवणाचे पातेले झाकून खाली येते. तिच्या मागोमाग पहिल्या प्रकरणात उतरा.